वाईच्या आळ्या, घाट आणि वाडे : जपायचे ते एकेक देऊळ की अख्खी आळी?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

माझे बालपण वाईच्या मधल्या आळीत गेले. नोकरीमुळे पुण्याला स्थायिक झालो असलो, तरी कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या देवीच्या, उत्सवाला आणि दिवाळीला वाईला जाणे अजून चुकलेले नाही. या वर्षी उत्सवाच्या वेळी घाटाकडे चालत जाताना, लहानपणी ज्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून आम्ही मुले आत-बाहेर पळत असू, त्या जागी चार मजली इमारतीचे खांब उभे राहिलेले पाहिले आणि त्या रात्री झोप लागली नाही. या विषयावर नीट चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

वाई म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ढोल्या गणपती येतो, आणि ते योग्यच आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेले हे देऊळ ऐन नदीपात्राला लागून आहे आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केलेली आहे. पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. अडीचशेहून अधिक पावसाळे या देवळाने काढले, त्यामागे बांधणाऱ्यांची नदीशी असलेली ओळख आहे. शेजारीच 1757 मध्ये आनंदराव भिकाजी रास्ते यांनी बांधलेले काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे. त्याचा तुळतुळीत घडवलेला नंदी आणि दोन दीपमाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्ते घराण्यातल्या. पेशवाईशी जुळलेल्या या नात्यातून वैभव आले आणि त्या वैभवातून वाईचा कृष्णाकाठ घडला.

ही देवळे आज कोणी पाडणार नाही, म्हणून त्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती देवळापासून वाड्यापर्यंतच्या मधल्या जागेची. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी या सात आळ्यांनी जुनी वाई बनलेली आहे. प्रत्येक आळीला आपला घाट आहे, आपली कृष्णाबाई आहे आणि माघ-फाल्गुनात पाळीने येणारा आपला उत्सव आहे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असे आम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. 1659 मध्ये प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी खानाचा तळ वाईत होता, हे तर इतिहासात आहेच. उत्सवाच्या दिवसांत कृष्णाबाई घाटावरच्या मांडवात बसते. तिथेच कीर्तन होते, तिथेच महाप्रसादाच्या पंगती उठतात. स्वयंपाकाची भांडी या वाड्यातून येतात, बाहेरगावचे पाहुणे त्या वाड्याच्या ओसरीवर पथारी टाकतात आणि वाढपी मंडळी गल्लीतून बोळात, बोळातून घाटावर अशी ये-जा करत असतात. ओसरी गेली, बोळ बुजला, घाटाच्या तोंडाशी वाहने उभी राहू लागली, तर देऊळ जागेवर असूनही उत्सवाला बूड राहणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की जपणुकीचे माप आळी हे असावे. सध्या ते माप इमारत हे आहे, आणि त्यातही जी इमारत भव्य, जुनी किंवा देवाची, तिलाच ते लावले जाते. मधल्या आळीतला एखादा दुमजली, साधा, कडीपाटाचा (लाकडी कड्यांवर फळ्या घातलेल्या छताचा) वाडा कोणत्याही यादीत बसणार नाही. पण असे तीस वाडे मिळूनच आळी होते. आपली मते, अनुभव आणि माहिती कृपया सविस्तर लिहावी.

चुन्याची घाणी

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात पंचवीस वर्षे आहे, म्हणून आपण मांडलेल्या मुद्द्यात एक भर घालावीशी वाटते. वाडे पाडल्यामुळे जातात हे खरे. पण त्याच्याही आधी चुकीच्या दुरुस्तीने ते आतून संपतात आणि मग पाडण्याला निमित्त मिळते.

वाईच्या बाजूच्या वाड्यांची बांधणी साधारण एकाच पद्धतीची असते. काळ्या दगडाचे घडीव जोते, त्यावर काही फुटांपर्यंत दगड, वर भाजलेल्या विटा किंवा पांढरीच्या (गावठाणातल्या पांढरट) मातीच्या भिंती आणि भिंतीच्या पोटात सागवानी खांब. तुळया, कडीपाट आणि कौलारू छप्पर यांचे सगळे वजन लाकडी सांगाड्यावर येते. भिंत बव्हंशी भरावाचे काम करते. जमिनीतली ओल भिंतीत चढते, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते. ती अडवण्याच्या फंदात ते पडले नाहीत. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडून उडून जावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. कळीचा चुना विरवून, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत दिवसचे दिवस मळून, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालून तो माल तयार होत असे. असा गिलावा थोडा मऊ राहतो, इमारत हलली तर तिच्याबरोबर हलतो आणि बारीक भेगा कालांतराने आपल्या आपण सांधून घेतो.

काही वर्षांपूर्वी मी सातारा जिल्ह्यातल्या एका वाड्यावर काम करत होतो. मालकांनी मोठ्या आस्थेने आणि पदरमोड करून दहा वर्षे आधी बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा करून घेतला होता. वरून भिंत ठणठणीत दिसत होती. आम्ही ओसरीच्या कोपऱ्यातला हातभर गिलावा काढला, तर आतली पांढरीची माती हाताला ओली लागली आणि त्या मातीत उभ्या असलेल्या सागवानी खांबाचा खालचा वीतभर भाग चिवड्यासारखा भुगा झालेला निघाला. तळखड्याचा, म्हणजे खांबाखालचा, दगड होता तसा होता, पण त्यावर टेकायला लाकूडच उरले नव्हते. बाहेर पडायला वाट न मिळाल्याने ओल दहा वर्षे त्या खांबात मुरत राहिली होती. मालक बराच वेळ त्या कोपऱ्यापाशी उभे होते. त्यांनी कसूर केली नव्हती, त्यांना योग्य सल्ला मिळाला नव्हता.

घाटांचेही तसेच आहे. पायऱ्यांचे सांधे सिमेंटने भरले, की पुराचे पाणी ओसरल्यावर मागच्या भरावात साठलेल्या पाण्याला सांध्यातून निथळता येत नाही. ते दगडाच्या अंगातून वाट काढते, लोणा (क्षार) धरतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून आळी जपायची असेल, तर पहिला नियम दुरुस्तीच्या मालाचा असावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

सात हिस्से

वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. मी एका वाड्याचा मालक आहे, किंवा अधिक नेमके सांगायचे तर एका वाड्याच्या सातव्या हिश्श्याचा मालक आहे, म्हणून आमची बाजू इथे मांडतो.

आमच्या पणजोबांच्या नावावर असलेल्या वाड्याचे आज सात हिस्सेदार आहेत. दोघे परदेशात, तिघे मुंबई-पुण्यात, एक काकू वाड्यात एकट्या राहतात आणि मी जवळच्या गावात. मागल्या बाजूला दोन बिऱ्हाडे भाडेकरू म्हणून माझ्या आजोबांच्या वेळेपासून आहेत. त्यांचे भाडे इतके अल्प आहे की वर्षभराच्या भाड्यात एका पावसाळ्याची कौले चाळून होत नाहीत. भाडेकरूंना मी दोष देत नाही, कारण त्यांनाही दुसरीकडे जागा परवडणारी नाही. पण कायद्याने भाडे वाढत नाही, वाढले तर नगण्य वाढते, आणि छप्पर गळले तर जबाबदारी मात्र मालकाची. तीन वर्षांपूर्वी मागची भिंत फुगली. दुरुस्तीसाठी सातही जणांच्या सह्या मिळवण्यात एक पावसाळा गेला आणि दुसऱ्या पावसाळ्यात भिंत बसली. त्यानंतर आमच्या हातात धोकादायक इमारतीची नोटीस आली आणि नोटिशीच्या पाठोपाठ बांधकाम व्यावसायिक आले. वाडा उतरवून द्या, प्रत्येक हिस्सेदाराला एकेक सदनिका आणि वर रोख रक्कम, असा त्यांचा प्रस्ताव आहे.

अख्खी आळी जपायची म्हणता, तेव्हा माझ्या मनात पहिली भीती येते ती बंधनांची. उद्या आमचा वाडा जपणुकीच्या क्षेत्रात आला, विकता येईना, पाडता येईना, वाढवता येईना आणि दुरुस्तीला छदामही मिळेना, तर काकूंनी त्या गळक्या माजघरात किती दिवस काढायचे? मला तो वाडा नको आहे असे नाही. त्याच्या देवडीत माझ्या आजोबांची बैठक असे, चौकातल्या तुळशीपुढे माझी मुंज झाली. पण ज्याच्या घराला वारसा म्हणायचे, त्याच्या डोक्यावरचे छप्पर आधी शाकारले पाहिजे. एवढे झाल्याशिवाय बंधने लादणारी कोणतीही योजना मालकांच्या गळी उतरणार नाही.

नगररचना

सात हिस्से यांचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, असे मला वाटते. कायद्याच्या अंगाने थोडी भर घालतो.

प्राचीन स्मारकांसाठी आपल्याकडे केंद्राचा 1958 चा आणि राज्याचा 1960 चा असे दोन कायदे आहेत. दोन्हींचा रोख स्मारकावर आहे. केंद्राच्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरांत नियमन, अशी तरतूद झाली. पण हे अंतर स्मारकाला मोकळा श्वास मिळावा यासाठी आहे, आजूबाजूच्या घरांचे रूप टिकावे यासाठी नाही. शिवाय अशा शंभर मीटरांत राहणाऱ्या माणसाला आपल्या घराची मोठी दुरुस्ती करायची तरी परवानगीच्या खेपा घालाव्या लागतात. आळीच्या जपणुकीला हा कायदा पुरेसा नाही आणि त्याच्या धर्तीवर काही करूही नये.

उपयोगी मार्ग दुसरा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार गावाचा विकास आराखडा करताना वारसा इमारतींबरोबर वारसा परिसरही त्यात दाखवता येतो. मुंबईत 1995 मध्ये जी वारसा नियमावली आली, तिच्यात परिसर ही संकल्पना स्वतंत्रपणे मांडलेली आहे आणि इमारतींच्या श्रेणी केलेल्या आहेत. पहिल्या श्रेणीच्या इमारतीला जवळजवळ हात लावता येत नाही. तिसऱ्या श्रेणीच्या इमारतीत मात्र बाह्यरूप आणि परिसराची ठेवण सांभाळून बरेच बदल करता येतात. मधल्या आळीतला साधा वाडा अशा तिसऱ्या श्रेणीत बसला, तर हिस्सेदारांना आत स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर, वेगळा जिना करून घेण्यात अडचण येण्याचे कारण नाही. जोत्याची रेघ, छपराचा उतार, रस्त्याकडचे दार आणि उंची एवढे सांभाळले की आळी सांभाळली जाते. आणि जी उंची वाढवता येत नाही, तिच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे तेवढे बांधकाम दुसऱ्या जागी करण्याचा विकता येणारा हक्क, देण्याची पद्धत मोठ्या शहरांत रुळलेली आहे. लहान गावात त्या हक्काला गिऱ्हाईक मिळणे अवघड जाते, हे मान्य करून इथे घरपट्टीत सूट आणि दुरुस्तीला थेट अनुदान हे दोन उपाय अधिक व्यवहार्य ठरतील.

पणजीकर

आमच्याकडच्या फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीचे उदाहरण इथे उपयोगी पडेल. 1843 मध्ये पणजी राजधानी झाली. आल्तिनोची टेकडी आणि ऊरेंची खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वसलेला हा भाग पणजीच्या आराखड्यात संवर्धन क्षेत्र म्हणून राखलेला आहे. तिथे भव्य म्हणावे असे फारसे काही नाही. संत सेबॅस्तियानचे छोटे कपेल (प्रार्थनाघर) आहे, त्यात जुन्या गोव्याच्या इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातून आलेला क्रूस आहे. बाकी सगळी राहती घरे. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगांच्या भिंती, पांढऱ्या कडा, रस्त्यावर आलेले सज्जे आणि कौले. पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर घर रंगवण्याचा दंडक होता आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे. धागाकर्त्यांनी म्हटल्याप्रमाणे, इथे परिसरच वारसा आहे.

मात्र एक सावधगिरीची सूचना करतो. क्षेत्र टिकले, पण त्याच्या कीर्तीने पर्यटक इतके वाढले की सकाळी दार उघडले की उंबरठ्यावर छायाचित्रे काढणारी मंडळी उभी असतात. अनेक घरांची अतिथिगृहे झाली, रहिवाशांना कृपया इथे छायाचित्र काढू नये अशा पाट्या लावाव्या लागल्या. भिंती राखल्या आणि शेजार गेला, असे वाईचे होऊ देऊ नका. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर चित्रीकरणाची वर्दळ आपण पाहतच असाल.

लिंकनशायर

मी इंग्लंडमध्ये स्टॅम्फर्ड या लहानशा गावाजवळ राहतो. 1967 मध्ये तिथल्या संसदेने परिसर-संवर्धनाचा कायदा केला आणि त्याखाली जाहीर झालेले पहिले क्षेत्र म्हणजे हे गाव. आता इंग्लंडमध्ये अशी सुमारे दहा हजार क्षेत्रे आहेत. गावातली घरे एकाच जातीच्या मधाळ रंगाच्या चुनखडीची, छपरे जवळच्याच कॉलीवेस्टन गावच्या दगडी फरशांची, आणि शुक्रवारचा बाजार अजूनही जुन्याच रस्त्यावर भरतो.

नियमांत मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे साध्या घराची दखल. ज्या घराला स्वतंत्रपणे कोणी ऐतिहासिक म्हणणार नाही, तेसुद्धा क्षेत्राच्या आत असेल तर परवानगीशिवाय पाडता येत नाही. झाड तोडायचे किंवा छाटायचे असेल, तरी सहा आठवडे आधी कळवावे लागते. वाईच्या घाटावरचे पार आणि पिंपळ यांच्यासाठीही असा नियम हवा. शिवाय प्रत्येक क्षेत्राचे एक लेखी वर्णन असते. त्यात रस्त्याची रुंदी, दगडाची जात, खिडक्यांची ठेवण, कोणत्या वळणावरून कोणता कळस दिसतो, हे सगळे टिपलेले असते. वाद झाला की दोन्ही बाजू ते वर्णन उघडून बसतात.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सात हिस्से, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी पुण्यात बसून आळीच्या रूपाबद्दल लिहिले, आणि आपल्या काकू त्या आळीत गळक्या छपराखाली राहत आहेत. आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. कोणतीही मागणी करताना दुरुस्तीचे अनुदान आणि घरपट्टीतील सूट यांचा उल्लेख बंधनांच्या आधी यावा, असे मी सुचवीन. चुन्याची घाणी यांनी सांगितलेला मालाचा नियमही अनुदानाला जोडता येईल. अनुदान घ्यायचे तर गिलावा चुन्याचाच, असे ठरले तर चुना मळणाऱ्या गवंड्यांना गावातच काम मिळेल आणि नवी मुले ते शिकतील.

पणजीकर, आपला इशारा योग्य वेळी आला. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे चंद्रकोरीसारखा घाट आहे, आणि वसईच्या मोहिमेतून 1739 मध्ये मराठ्यांनी आणलेली, 1707 हे साल कोरलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. येणारे पाहुणे ती घंटा पाहून परत जातात, गावात कोणी शिरत नाही. वाईतही गणपतीचे दर्शन घेऊन पुढे महाबळेश्वरला जाण्याचाच प्रघात आहे. आळ्या अजून आळीकरांच्या राहिल्या आहेत, त्याचे हेही एक कारण असेल.

लिंकनशायर यांनी सांगितलेले लेखी वर्णन मला फार मोलाचे वाटते, कारण त्याला कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. ज्या गावात लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले, ज्या गावात प्राज्ञपाठशाळा चालली, त्या गावाला आपल्या सात आळ्यांची नोंद करता येऊ नये, हे मनाला पटत नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीत मी मधल्या आळीपासून सुरुवात करणार आहे. प्रत्येक घरासाठी एक पान : जोत्याची उंची, दाराची रुंदी, खांबांची संख्या, छपराचा प्रकार, किती बिऱ्हाडे राहतात, काय गळते, दुरुस्तीला अंदाजे किती लागेल. घरमालकांची परवानगी असेल तरच आत जायचे आणि मालकांचे नाव कुठेही लिहायचे नाही. मोजणीसाठी दोघे-तिघे हवे आहेत. चुन्याची घाणी, आपण एक दिवस आलात तर कोणत्या भिंतीत ओल कोंडली आहे हे आम्हाला ओळखता येईल.

चुन्याची घाणी

अवश्य येईन. मात्र दिवाळीपर्यंत थांबू नका. पावसाळा संपता संपता, भिंती अजून ओल्या असताना एक फेरी करा. सिमेंटचा गिलावा असलेल्या भिंतीवर जोत्यापासून दीड-दोन हातांवर एक काळपट रेघ दिसेल; ती प्रत्येक घराच्या पानावर किती उंचीवर आहे ते मोजून लिहा. मग दिवाळीत पुन्हा त्याच भिंती पाहू. जिथे रेघ खाली उतरली नसेल, तिथल्या खांबाची बुडे आधी तपासायची.

सात हिस्से

पहिले पान आमच्या वाड्याचे करावे. काकूंशी आज दूरध्वनीवर बोललो. त्या म्हणाल्या की मोजायला येणाऱ्यांनी सकाळीच यावे, म्हणजे माळ्यावर चढायला उजेड मिळेल. आणि माजघरातली तिसरी तुळई जरूर पाहावी, कारण गेल्या महिन्यापासून तिच्यातून रात्री आवाज येतो.